अंगावर पित्त उठतं आणि दोष जातो वांग्याला



परवा या सदराकडे आलेल्या पत्रांचा गठ्ठा नीट लावायला घेतला. लोणचं का नासतं, मुलं अभ्यासाला का बसत नाहीत, या नेहमीच्या पत्रांच्या खालोखाल या खेपेला जास्त पत्रं निघाली ती अंगाच्या खाजेची! कुणाच्या अंगावर दिवेलागणीला गांधी उठतात, कुणाच्या मानेवर चट्टा पडलाय, कुणाच्या मुलीचा गळा लालबुंद होतो. आणि बहुतेक पत्रांच्या शेवटी थोड्याफार फरकानं एकच तक्रार. डॉक्टर म्हणतात टेन्शन घेऊ नका, घरचे म्हणतात मनाचे खेळ आहेत. मग आम्ही करायचं तरी काय?

मी डॉक्टर नव्हे, हे तुम्हांला ठाऊकच आहे. पण शाळेत शिकवणाऱ्या बाईला न समजलेली गोष्ट समजून घेतल्याशिवाय चैन पडत नाही. तेव्हा काही वाचलं आणि आमच्या गावातल्या त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंना दोनदा जाऊन छळलं. त्यांच्याकडून जे कळलं ते आज तुमच्यापुढे ठेवते.

आधी नावाचा घोळ दूर करू या. घशाशी आंबट पाणी येतं त्यालाही आपण पित्त म्हणतो आणि अंगावर गांधी उठतात त्यालाही पित्तच म्हणतो. त्यामुळे गांधी उठल्या की बायका पोटाची गोळी घेतात, सोडा पितात आणि गुण आला नाही की आणखी घाबऱ्या होतात. आपल्या आयुर्वेदात, माधवनिदानात, या दुखण्याला शीतपित्त असं वेगळं नाव दिलेलं आहे; अंगाला गांधीलमाशी चावल्यासारखं होतं, असंच त्याचं वर्णन आहे. डॉक्टर याला अर्टिकेरिया म्हणतात. दर पाच माणसांत साधारण एकाला आयुष्यात कधी ना कधी ते होतंच, तेव्हा यात लाजण्यासारखं काही नाही.

ओळखायचं कसं? गांध फुगीर असते, कडेनं लालसर, मध्ये फिकट. खाज इतकी, की हातातली पोळी तव्यावर टाकून खाजवावं लागतं. आणि मुख्य खूण म्हणजे ती टिकत नाही. एकेक गांध २४ तासांच्या आत विरून जाते, मागे डागसुद्धा ठेवत नाही. तोवर दुसऱ्या जागी दुसरी उठलेली असते. डॉक्टरीणबाईंनी एक सोपी युक्ती सांगितली. एखाद्या गांधीभोवती बॉलपेनानं रेघ काढून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बघायचं. रेघेच्या आतली कातडी कोरी झाली असेल, तर ते पित्त. गांध तिथेच बसून असेल, दुखत असेल किंवा मागे निळसर काळा डाग ठेवून गेली असेल, तर प्रकार वेगळा आहे, आणि तो डॉक्टरांना दाखवायलाच हवा.

या विरून जाण्यामुळेच बिचाऱ्या बाईची फजिती होते. रात्री साडेनऊला अंग नकाशासारखं उठलेलं असतं, सकाळी दवाखान्यात नंबर लागेपर्यंत कातडी स्वच्छ! मग सोबत आलेली मंडळी एकमेकांकडे बघतात. यावर आता सोपा उपाय आहे. मोबाइल घरोघरी झालाय. उठलं की लगेच उजेडात फोटो काढून ठेवा. डॉक्टरांनाही उपयोग होतो, आणि "काही नाही हो, हिला उगीच वाटतं" म्हणणाऱ्यांची तोंडंही बंद होतात.

आता मनाचं काय ते पाहू. आपल्या कातडीत मास्ट पेशी नावाच्या पेशी असतात. त्यांच्यात हिस्टामिन नावाचं द्रव्य साठवलेलं असतं. ते बाहेर सांडलं की आसपासच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून पाणी झिरपतं, कातडी फुगते आणि खाज सुटते. म्हणजे गांध तयार झाली. या पेशी कातडीतल्या मज्जातंतूंच्या टोकांना अगदी खेटून असतात. भीती, संताप, काळजी यांनी शरीरात जी धावपळ उडते, तिचा निरोप मज्जातंतूंतून आणि रक्तातून इथवर येऊन पोचतो आणि भरलेली पेशी उतू जाते. आईच्या पोटात गर्भ तयार होताना मेंदू आणि कातडीचा वरचा थर एकाच पडद्यापासून घडतात, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा मला मोठी गंमत वाटली. सख्ख्या बहिणीच म्हणायच्या की! एकीला दुखलं की दुसरी रडणारच.

तुम्हांला बिब्बा माहीतच असेल. बिब्बा उतला की कातडीला आग होते, फोड येतात. त्याच कुळातलं एक झाड जपानात आहे. त्याच्या चिकापासून तिथे लाकडी भांड्यांना चकचकीत रोगण देतात आणि त्याची पानं अंगाला लागली की बिब्ब्यासारखीच उततात. १९६२ साली इकेमी आणि नाकागावा या जपानी संशोधकांनी असं उतणाऱ्या १३ शाळकरी मुलांवर एक प्रयोग केला. एका हाताला साधी, निरुपद्रवी पानं लावली आणि सांगितलं, ही विषारी आहेत. दुसऱ्या हाताला विषारी पानं लावली आणि सांगितलं, ही साधी आहेत. तर साध्या पानांच्या हातावर तेराही मुलांना काही ना काही उठलं, आणि खरोखरच्या विषारी पानांच्या हातावर फक्त दोघांना! शाळकरी मुलांवर असा प्रयोग आज कोणी करू देणार नाही, आणि करूही नये. तेरा मुलं ही काही मोठी संख्या नव्हे, आणि ते उतणं पित्ताच्या गांधीपेक्षा निराळं. पण भीतीनं उठलेलं त्या मुलांच्या हातावर इतरांच्या डोळ्यांना दिसत होतं. त्याला खेळ म्हणायचं का, तुम्हीच सांगा.

मनाच्या वाटेनं आलेलं दुखणं आलेलंच असतं. "मनाचं आहे" असं म्हणून जी औषध टाळते किंवा जिला टाळायला लावलं जातं, ती फुकट खाजवत बसते.

आता याची दुसरी बाजूही ऐका, कारण टेन्शनवर सगळं ढकलून मोकळं होणं हाही आळसच आहे. सहा आठवड्यांच्या आत थांबणारं पित्त बहुधा एखाद्या तापासर्दीच्या मागून, एखाद्या औषधानं, कधी एखाद्या खाण्यानं आलेलं असतं. सहा आठवड्यांच्या पुढे रेंगाळलं, तर ते जुनाट. ते पुरुषांपेक्षा बायकांत जास्त दिसतं. त्यात बहुतेक वेळा बाहेरचं कारण सापडतच नाही. पुष्कळ जणींच्या बाबतीत शरीराची स्वतःची संरक्षणव्यवस्थाच त्या मास्ट पेशींना डिवचत असते. थायरॉइडचा विकारही काहींत सोबतीला असतो. काळजीचं काम तिथे फुंकणीसारखं. चुलीत निखारा आधीपासून असतो, फुंकर पडली की भडका. म्हणून तपासणी टाळायची नाही.

आमच्या शाळेतल्या शिवणाच्या बाईंची गोष्ट सांगते. त्यांना विचारूनच सांगते आहे. वर्षभर त्यांच्या अंगावर पित्त उठायचं. पहिल्यांदा उठलं त्या दिवशी घरी वांग्याची भाजी होती. झालं! सासूबाई म्हणाल्या, "तरी मी म्हणत होते, वांगं वातूळ, नको खाऊस." वांगं बंद झालं. पुन्हा उठलं, तेव्हा शेंगदाणे बंद झाले. मग दही, मग उडीद, मग मसूर, मग टोमॅटो. वर्षाच्या शेवटी बाई वरण-भात आणि ताकाचं नुसतं पाणी यावर आल्या. पोलके सैल झाले, वर्गात उभं राहिलं की चक्कर येऊ लागली, आणि पित्त आपलं उठायचं ते उठतच होतं.

डॉक्टरांनी त्यांना एक वही घालायला सांगितली. दुधाच्या हिशेबाची जुनी वही होती, तीच त्यांनी उलटीकडून सुरू केली. उठलं तो दिवस, वेळ, अंगाचा कोणता भाग, त्याआधीच्या चार-सहा तासांत काय खाल्लं, कोणती गोळी घेतली, काय काम केलं, पाळीचा कितवा दिवस, आणि घरात काय घडलं. दोन महिन्यांनी वही उघडली तर काय? दर महिन्याच्या तीन ते सहा तारखेच्या आसपास दाटी झालेली! पाच तारखेला घराच्या कर्जाचा हप्ता जायचा. यजमानांचं दुकान मंदावलं होतं, खात्यात पैसे पुरतील की नाही या धास्तीनं बाईंचं डोकं तीन तारखेपासून ठणकायला लागायचं.

"म्हणजे टेन्शनच," असं सगळे म्हणाले. डॉक्टर म्हणाले, "थांबा. डोकं दुखलं की तुम्ही काय घेता?"

बाई घरातली नेहमीची दुखण्याची गोळी घ्यायच्या, आयब्युप्रोफेनची. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या जातीच्या गोळ्या पुष्कळ जणींचं पित्त चेतवतात, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. कपाटात असलेली गोळी आपण औषधात धरतच नाही, नाही का? ती बंद करून डॉक्टरांनी त्यांना दुसरी दिली. पित्त बरंच उतरलं. पण अगदी गेलं नाही. ज्या संध्याकाळी बँकेचा माणूस घरी येऊन बसला, त्या रात्री गोळी न घेताही उठलंच.

"अगं, म्हणजे धास्ती खोटी नव्हतीच की," बाई मला म्हणाल्या.

नव्हतीच. पण त्यांच्या धास्तीचं मूळही वहीनंच दाखवलं. कर्ज किती उरलंय, खात्यात किती आहेत, हे त्यांना मुळी ठाऊकच नव्हतं! "तुला कशाला त्रास," म्हणून यजमान सांगत नसत. बाईंनी एका रविवारी त्यांना समोर बसवलं आणि म्हणाल्या, "अहो, मला आकडे सांगा. न सांगण्याचाच मला जास्त त्रास होतो." आकडे काही सुखाचे नव्हते. पण मनात त्यांनी जे भूत उभं केलं होतं, त्याच्यापेक्षा लहान होते. दोघांनी मिळून बँकेत जाऊन हप्त्याची तारीख पगारानंतरची करून घेतली. आता बाईंचं पित्त पुरतं थांबलंय असं नाही. महिना-दोन महिन्यांतून एखाद्या रात्री उठतं. वांगी मात्र परतली. पहिल्यांदा भरली वांगी केली, तेव्हा सासूबाई रात्रभर हिच्या दंडांकडे बघत बसल्या होत्या म्हणे!

तेव्हा ज्यांना हे वरचेवर होतं त्यांनी वही जरूर घालावी. खाण्याचे पदार्थ मात्र वहीत पुन्हा पुन्हा तेच सापडल्याशिवाय आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नयेत. जुनाट पित्तात खाण्याचा दोष क्वचितच असतो. घरातल्या सर्वांना वाढून उरलेलं खाणाऱ्या बाईनं त्यातलेही चार पदार्थ सोडले, तर अंगात रक्त कुठून राहणार?

वहीत आणखी काही गोष्टी सापडू शकतील. परकराची नाडी, ब्रेसियरचा पट्टा, खांद्यावरच्या जड पिशवीचा बंद, जिथे आवळतं तिथेच काहींना उठतं. काहींच्या पाठीवर नखानं रेघ ओढली, तर पाच मिनिटांत ती फुगून वर येते. अक्षरसुद्धा लिहिता येतं! काहींना कढत पाण्याच्या आंघोळीनं, भर दुपारच्या घामानं किंवा कडाक्याच्या भांडणानं घामोळ्यांसारखं बारीक पुरळ येतं आणि तासाभरात जातं. हा सगळा पित्ताचाच गोतावळा.

घरगुती उपायांबद्दल तुम्ही विचारणारच. आमसुलाचं पाणी अंगाला चोळायची आपल्याकडे जुनी चाल आहे. कातडी फाटलेली नसेल तर खुशाल लावा. पाणी गार असावं. गारव्यानं खाज निवते, यात शंका नाही. गेरू लावूनही गार वाटतं, पण खाजवून रक्त काढलेल्या जागी माती लावू नये. घोंगडी पांघरून बसवण्याची पद्धत मात्र मला पटत नाही. थंडीनं ज्यांना उठतं त्यांना ऊब ठीक. पण बाकीच्यांची खाज उष्णतेनं वाढते, आणि त्यात लोकर टोचते ती वेगळीच. सुती, सैल कपडे, कोमट पाण्याची आंघोळ, आणि खाज फारच झाली तर ओल्या पंचाची घडी, हे बरं.

औषध म्हणजे हिस्टामिनला अडवणाऱ्या गोळ्या. जुन्या गोळ्यांनी गुंगी यायची. दुपारी गोळी घेतलेली बाई संध्याकाळी पोळ्या लाटताना डुलक्या खायची. हल्ली सेटिरिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन अशा नव्या गोळ्या आहेत, त्यांनी गुंगी कमी येते; सेटिरिझिननं काहींना थोडी येते खरी. यांच्याबाबत एक चूक सर्रास होते. उठलं की गोळी, थांबलं की बंद! जुनाट पित्तात डॉक्टर गोळी रोज घ्यायला सांगतात, उठो वा न उठो. कुलूप चोर येण्याआधी लावायचं असतं. गोळ्या किती आणि किती दिवस, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. दिवस गेलेले असतील किंवा मूल अंगावर पीत असेल तर कोणतीही गोळी विचारल्याशिवाय नको. आणि गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत अंगावर काही न उठता तळहात-तळपायांना, विशेषतः रात्री, खाज सुटली तर ती सोसत बसू नका. ती यकृताच्या बिघाडाची असू शकते, लगेच दवाखान्यात सांगा.

एक गोष्ट ठळक लक्षात ठेवा. पित्ताबरोबर ओठ किंवा पापण्या सुजल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. पण जीभ सुजली, आवाज बसला, गिळता येईना, छातीत घरघर किंवा धाप लागली, चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी आली, तर आमसूलही नको आणि वहीही नको. तडक मोठा दवाखाना गाठा, वाहन नसेल तर १०८ ला फोन करा. तिथे मिनिटांचा प्रश्न असतो.

आता दुसऱ्या एका पत्राकडे वळते. एका भगिनीनं लिहिलंय की त्यांच्या मानेवर, अगदी अंबाड्याखाली, तळहाताएवढा काळपट जाड चट्टा पडलाय. दिवसा विशेष काही नाही, रात्री मात्र जीव नकोसा होतो. सासूबाई तीन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या. रात्री दोनदा-तीनदा उठून त्यांना कुशीवर वळवावं लागतं, कपडे बदलावे लागतात. "त्यांच्या उशाशी बसले की माझा हात आपोआप मानेकडे जातो, मला कळतही नाही," असं त्या लिहितात.

त्या शेवटच्या वाक्यातच दुखणं आलंय. हे पित्त नव्हे. ही पुन्हा पुन्हा खाजवल्यानं जाड झालेली कातडी. खाजवलं की कातडी जाड होते, जाड झाली की जास्त खाजते, खाजली की हात जातो. असा हा रहाट फिरत राहतो. मान, घोटा, मनगट, जिथे हात सहज पोचतो त्या जागा. चिंतेत, जागरणात, वाट बघत बसण्यात हाताला हा चाळा लागतो. दवाखान्यातून लावायला मलम मिळेल, ते सांगतील तितकेच दिवस लावायचं. नखं बारीक कापा. झोपताना जागा मऊ सुती फडक्यानं झाका. आंघोळीनंतर ओलसर अंगावरच खोबरेल किंवा साधी पेट्रोलियम जेली चोळा. खाज आली की नख लावू नका, तळहातानं दाबून धरा किंवा गार घडी ठेवा. आणि उशाशी बसताना हाताला दुसरं काम द्या, वाती वळा, सुया घेऊन विणा, काहीही.

पण ताई, एवढ्यानं भागायचं नाही. तीन वर्षं सलग झोप न झालेल्या बाईच्या मानेला कोणतं मलम पुरेल? तुमच्या पत्रात दोन दीर आणि एक नणंद यांचा उल्लेख आहे. आठवड्यातल्या सात रात्रींपैकी दोन रात्री दुसऱ्या कुणी तरी उशाशी बसलंच पाहिजे. हे मागताना तुम्हांला जड जाईल, हे मला समजतं. "सगळ्यांनी थोडं थोडं बघू या" असं मोघम बोललात तर काहीही होणार नाही. वार ठरवून मागा. शनिवार भाऊजींचा, बुधवार वन्संचा. प्रत्यक्ष येणं जमत नसेल तर रात्रीच्या बाईचे त्या दोन दिवसांचे पैसे त्यांनी द्यावेत. यजमानांनाच हे बोलू द्या. त्यांच्या आईचं आहे.

"टेन्शन घेऊ नका" हा सल्ला मला फार निरुपयोगी वाटतो. टेन्शन काय आपण बाजारातून पिशवीत घालून आणतो, की उद्यापासून घ्यायचं नाही? घरच्या माणसांना खरंच मदत करायची असेल तर त्यांनी तिच्या पाठीवरचं एक काम उचलावं, एक रात्र झोपू द्यावं, एक आकडा खरा सांगावा. आणि आपणही रोज वीस मिनिटं भरभर चालणं, झोपण्याआधी दहा मिनिटं सावकाश श्वास घेणं, ही दोन कामं कामांच्याच यादीत लिहावीत, नाही तर ती कधीच होत नाहीत. झोप उडाली, रडू आवरेना, कशातच मन लागेना, असं दोन आठवडे चाललं तर मनाच्या डॉक्टरांकडे जाण्यात कमीपणा नाही. २०२२ पासून सरकारची टेली-मानस ही फोनसेवा आहे, १४४१६ हा क्रमांक. पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. दुपारी घर रिकामं असताना लावा.

ज्या खाजेचा मनाशी काही संबंध नाही, तीही मनाच्या नावावर खपते, त्याबद्दल थोडं सांगून टाकते. घरातल्या दोघा-तिघांना एकदमच खाज सुटली असेल, रात्री वाढत असेल, बोटांच्या बेचक्यांत बारीक पुटकुळ्या असतील, तर ती खरूज. घरातल्या सर्वांनी एकाच वेळी औषध लावल्याशिवाय ती जात नाही. कडेनं उंच आणि मध्ये निवळत जाणारी गोल चकती असेल, तर ते गजकर्ण. त्यावर शेजारणीनं दिलेलं "तीन औषधांचं" मलम चोळू नका. अशा पुष्कळ मलमांत स्टिरॉइड असतं. दोन दिवस खाज थांबते, गजकर्ण मात्र आतल्या आत पसरतं, चेहऱ्यावर लावलं तर कातडी पातळ होते, लव वाढते. २०१८ साली सरकारनं स्टिरॉइडची अनेक मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत अशा यादीत घातली, ती उगीच नव्हे. तरी औषधाच्या दुकानात नुसतं नाव सांगून ती मिळतात, हे तुम्हीही जाणता.

शेवटचं पत्र एका दहावीतल्या मुलीच्या आईचं. वर्गात उभं राहून वाचायची वेळ आली की मुलीच्या गळ्यावर आणि छातीवर लाल ठिपके-चट्टे उमटतात, दहा-पंधरा मिनिटांनी जातात; खाज नाही, सूज नाही. मुली हसतात म्हणून ती आता तोंडी परीक्षेलाच जायचं नाही म्हणते. एखादं रक्त शुद्ध करणारं औषध सुचवा, असं आईनं लिहिलंय.

बाई, रक्त अगदी शुद्ध आहे, काहीही पाजू नका. लाजल्यावर गाल लाल होतात ना, तेच तिच्या गळ्यावर होतं. वर्गात मी अशा किती तरी मुली पाहिल्यात. पहिल्या दोन मिनिटांत गळा पेटतो आणि तिसऱ्या मिनिटाला मुलगी धड्यात रंगली की तिचं तिलाच भान राहत नाही. तिच्या वर्गशिक्षिकेला एकदा जाऊन भेटा. तोंडी परीक्षेला तिला यादीत पहिल्या दोघींत बोलवायला सांगा, म्हणजे वाट बघत ताटकळणं वाचेल. त्याआधी आठ दिवस रोज संध्याकाळी घरच्यांपुढे उभं राहून मोठ्यानं एक पान वाचू द्या. आणि वाचत असताना कुणीही, विशेषतः तुम्ही, तिच्या गळ्याकडे बघू नका.